टाइप १ मधुमेह असताना लांब पल्ल्याचं धावणं : शुगर कशी सांभाळायची

हा लेख इन्सुलिनवर असलेल्या, सहा-सात किलोमीटर आधीच पळणाऱ्या आणि आता दहा किंवा एकवीसवर डोळा असलेल्या माणसासाठी आहे. बूट, मोजे, वॉर्म-अप यांवर ढिगाने लिहिलेलं सापडेल, ते इथे नाही. डोळ्यांचा पडदा आणि पायांची संवेदना वर्षभरात तपासून झाली आहे, आणि तुम्ही पळता हे तुमच्या डॉक्टरांना ठाऊक आहे, असं मी गृहीत धरते. शुगरचे आकडे आपल्याकडच्या मीटरवर दिसतात तेच, म्हणजे डेसिलिटरला मिलिग्रॅम. हे सगळे सुरुवात करायचे आकडे आहेत. तुमचे थोडे इकडेतिकडे निघतील, आणि ते डॉक्टरांशी बोलूनच पक्के करायचे.

सकाळ-संध्याकाळ ३०/७० चं मिश्र इन्सुलिन घेत असाल, तर पुढचं वाचण्याआधी डॉक्टरांकडे जा. मिश्र इन्सुलिनमध्ये जेवणाचा भाग वेगळा कमी करता येत नाही, आणि लांब धावण्याचं सगळं गणित त्या भागावरच आहे. बेसल (दिवसभर संथ चालणारं) वेगळं, जेवणाचं वेगळं, अशी व्यवस्था झाली की मग या.

१. वेळ पहाटेची ठेवा

रात्री नऊच्या आत जेवलात, तर पहाटे पाचला जेवणाच्या झटपट इन्सुलिनचा असर संपलेला असतो. अंगात उरतं ते फक्त बेसल. तासाभराच्या धावण्यासाठी याहून सोपी वेळ नाही. ‘उपाशी पळू नकोस, चक्कर येईल’ हे घरोघरी ऐकायला मिळतं; आपल्या बाबतीत बहुतेक वेळा उलटं असतं. पहाटेच्या हार्मोन्समुळे शुगर स्वतःहून थोडी वर सरकते आणि धावताना टिकून राहते. कसोटी लागते ती संध्याकाळी, दुपारचं आणि चहाच्या वेळचं इन्सुलिन अंगात असताना.

२. पाऊच

ग्लुकोज पावडरच्या दहा-दहा ग्रॅमच्या पुड्या किंवा गोळ्या, मीटर, पट्ट्या, कोरडा रुमाल, फोन, आणि ‘टाइप १ मधुमेह, इन्सुलिनवर’ असं लिहिलेलं कार्ड. इन्सुलिनचं पेन उन्हात कमरेला बांधून पळू नका, ते तापून निकामी होतं.

इथे एक गैरसमज काढून टाकते. ओआरएस म्हणजे साखरेचं पाणी, लो झालं, म्हणजे शुगर फार उतरली, की ते प्यायचं, असं पुष्कळ जण सांगतात. ओआरएसच्या प्रमाणित पाकिटात, म्हणजे अख्ख्या लिटरभर पाण्यात, ग्लुकोज असतं साडेतेरा ग्रॅम. एका ग्लासात तीन ग्रॅमसुद्धा येत नाही. ते घामातून गेलेल्या क्षारांसाठी आहे. चिक्कीचंही तसंच: शेंगदाण्यातली चरबी साखरेला पोटात अडवून धरते. चिक्की घरी परतल्यावर खा, लोसाठी ग्लुकोजच हवं.

३. अंगात शिल्लक असलेलं इन्सुलिन

सगळं अडतं ते इथे. मलाही सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला लागला, कारण सल्ला देणारे सगळे मीटरवरच्या आकड्याबद्दल बोलतात. आकडा १६० असला की निघा म्हणतात. पण १६० आणि अंगात काहीच शिल्लक नाही, ही एक गोष्ट. १६० आणि दीड तासापूर्वी घेतलेलं चार युनिट, ही दुसरी. पहिल्यात तुम्ही आठ किलोमीटर आरामात पळाल, दुसऱ्यात तिसऱ्या किलोमीटरला फूटपाथवर बसाल.

कारण असं. मधुमेह नसलेला माणूस पळायला लागला की त्याचं स्वादुपिंड इन्सुलिन लगेच कमी करतं आणि यकृत साखर सोडायला लागतं. आपलं इन्सुलिन म्हणजे सुटलेला बाण, टोचलं ते टोचलं. उलट पळताना कातडीखालचा रक्तप्रवाह वाढतो आणि ते आणखी भराभर रक्तात येतं. जास्तीचं इन्सुलिन यकृताचं साखर सोडणं दाबून धरतं. त्यात आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायच रक्तातली साखर ओढतात. तिन्ही गोष्टी एकदम घडतात. बसल्या जागी तुमचं एक युनिट शुगर ४० ने उतरवत असेल, तर धावताना तेच युनिट त्याहून बरंच जास्त उतरवतं.

म्हणून निघण्याआधी पहिला प्रश्न हा: शेवटचं झटपट इन्सुलिन कधी घेतलं, आणि किती? लिस्प्रो, अस्पार्ट, ग्लुलिसिन ही इन्सुलिनं पंधरा मिनिटांत कामाला लागतात, तास-दीड तासाने जोरात असतात आणि चार तासांच्या आसपास ओसरतात. ढोबळ हिशेब करा: एका तासाने पाऊण शिल्लक, दोन तासांनी निम्मं, तीन तासांनी पाव. जुनं रेग्युलर इन्सुलिन घेत असाल तर हा हिशेब लागू नाही. त्याचा जोर दोन ते चार तासांवर येतो आणि शेपूट सहा-आठ तास चालतं. त्यावर असताना नाश्ता करून लाँग रनला जाणं मला पटत नाही.

खाऊन निघायचंच असेल, जसं की दीड तासापेक्षा जास्त पळायचं आहे आणि रिकाम्या पोटी भागणार नाही, तर त्या खाण्याचं इन्सुलिन कापायचं. समजा मध्यम बशीभर पोहे, अंदाजे ४० ग्रॅम कार्ब (कार्बोदकं), आणि तुमचं प्रमाण दहा ग्रॅमला एक युनिट. एरवी चार युनिट घ्याल. दीड तासाने तासभर मध्यम गतीने पळायचं असेल तर तीन-चतुर्थांश कापा आणि एकच युनिट घ्या. अर्धा तासच पळायचं असेल तर निम्मं कापून दोन पुरतात. एका युनिटवर शुगर थोडी चढेल, चढू द्या. ती पळण्यात उतरते.

इथे हात शिवशिवतो. चढलेली शुगर पाहून ‘एक युनिट करेक्शन घेऊन टाकू’ असं वाटतं. धावण्याच्या आधीच्या दोन तासांत करेक्शन, म्हणजे चढलेली शुगर उतरवायचं जादा इन्सुलिन, घेऊ नका. पहाटे उठून २३० दिसले तरी नाही. केटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून रक्तात साठणारी आम्लं) नसतील तर २३० घेऊन सावकाश पळायला हरकत नाही. दोन युनिट टोचून २३० घेऊन पळण्याला मात्र हरकत आहे.

उलट टोकाचा सल्लाही तितकाच घातक: ‘पळणार ना, मग आज इन्सुलिनच घेऊ नकोस.’ बेसल कधीही सोडायचं नाही. इन्सुलिन अजिबात नसेल तर स्नायूंना साखर नीट वापरता येत नाही, यकृत साखर ओतत राहतं, केटोन साठतात, आणि पळून आलेला माणूस उलट्या करत दवाखान्यात पोचतो. तिसरा सल्ला, ‘मुद्दाम २५० वर नेऊन ठेव, म्हणजे खाली यायला वाव राहील.’ एवढ्या शुगरवर लघवीवाटे पाणी जातं, घसा कोरडा पडतो, पाय जड होतात. आणि अंगात बोलस, म्हणजे जेवणाचं झटपट इन्सुलिन, असेल तर ते २५० तरी किती वेळ टिकणार?

बेसल थोडं कमी करणं वेगळं. ग्लार्जिन हे बेसल रात्री घेत असाल तर लाँग रनच्या आदल्या रात्री २० टक्क्यांच्या आसपास कमी करता येतं, डॉक्टरांशी ठरवून. डिग्लुडेक हे दुसरं बेसल मात्र एका दिवसाच्या कपातीला दाद देत नाही. त्याचा असर ४२ तासांच्याही पुढे जातो, आज कमी केलेलं अंगी लागायला दोन-तीन दिवस जातात. त्यावर असाल तर बेसलला हात न लावता खाण्यावर सांभाळा. इन्सुलिन पंपवाल्यांनी बेसल तासभर ते दीड तास आधीच निम्म्यावर किंवा त्याखाली आणायचं. पळायला लागताना कमी केलं तर आधीचं इन्सुलिन पुढचा तासभर आपलं काम करतच राहतं.

आणि सुई मांडीत नको, पोटावर घ्या. मांडीचे स्नायू पळताना तापतात, तिथलं इन्सुलिन लवकर ओढलं जातं.

४. निघतानाचा आकडा

शिल्लक इन्सुलिनचा हिशेब झाल्यावरच मीटरकडे बघा. ९० च्या खाली: १० ते २० ग्रॅम ग्लुकोज, आणि ९० च्या वर आल्याशिवाय निघायचं नाही. ९० ते १२५: दहा ग्रॅम खाऊन निघा. १२६ ते १८०: निघा. १८० ते २७०: निघा, खायचं नाही. २७० च्या वर: केटोन तपासा. लघवीच्या पट्टीवर मध्यम किंवा त्याहून गडद रंग आला, किंवा रक्तातले केटोन लिटरला दीड मिलिमोल आणि त्यावर आले, तर बूट काढा आणि इन्सुलिनकडे लक्ष द्या. मागच्या २४ तासांत दुसऱ्याची मदत घ्यावी लागेल असा हायपो (लो) झाला असेल, तर आकडा कितीही छान असो, आज पळायचं नाही.

अंगावर सतत शुगर मोजणारा सेन्सर असेल तर आकड्याइतकाच, शुगर चढतेय की उतरतेय ते दाखवणारा बाण बघा. १४० आणि बाण खाली म्हणजे ते १४० नव्हे.

शर्यतीच्या दिवशी दोन गोष्टी बदलतात. धडधडीने ॲड्रिनॅलिन वाढतं आणि एरवी १३० असणारी शुगर सुटण्याच्या रेषेवर २०० दाखवते. तिला हात लावू नका, पहिल्या काही किलोमीटरांत ती उतरते. दुसरं म्हणजे थांबणं. मुंबईत जानेवारीत पहाटेच्या गर्दीत तुम्ही ठरल्यापेक्षा बराच आधी आत उभे असता, तेव्हा खाण्याचा हिशेब गजराच्या वेळेवर न करता प्रत्यक्ष सुटण्याच्या वेळेवर करा. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये आणखी एक गंमत आहे. जाताना यवतेश्वरचा घाट चढायचा, त्या दमछाकीत शुगर वर जाते आणि माणूस पुडी खिशातच ठेवतो. परतीच्या उतारावर श्वास सैल होतो आणि शुगर सपाटून खाली येते. चढावर आकडा चांगला दिसला तरी वळणाच्या ठिकाणी खायचंच.

५. धावताना

पहिल्या तासानंतर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब, दर वीस मिनिटांनी थोडं थोडं. अंगात बोलस शिल्लक असेल तर पहिल्या तासातच सुरू करा. भूक लागायची वाट पाहू नका, धावताना भूक आणि लो यांतला फरक कळत नाही. पाणी तहानेप्रमाणे.

सेन्सरचा आकडा धावताना रक्ताच्या मागे असतो, शुगर वेगाने उतरत असेल तर दहा-पंधरा मिनिटांनीसुद्धा. सेन्सर ९५ म्हणतोय आणि तुमची जीभ जड झाली आहे, तर जिभेवर विश्वास ठेवा. बोट टोचताना ते पुसून घ्या. नुकती पुडी फोडलेली, घामाने ओली, ग्लुकोजचे कण चिकटलेली बोटं मीटरला खुशाल १८० सांगायला लावतात, आणि खरी शुगर ६५ असते. पाणी टाकून बोट धुवा, रुमालाने कोरडं करा, पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. थंडीवाऱ्यात हे नकोसं होतं, तरी करा.

६. लो झालंच तर

७० च्या खाली: थांबा, १५ ते २० ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटं, पुन्हा तपासा. चालत चालत खाऊ नका, चालतानाही स्नायू साखर ओढत असतात. ५४ च्या खाली गेलात तर त्या दिवसाचं धावणं संपलं, मग फिनिश लाइन समोर दिसत असली तरी. दहा सेकंद जीव तोडून धावलं की शुगर वर जाते हे खरं आहे, घसरण थोडा वेळ रोखायला त्याचा उपयोगही होतो, पण लोवरचा तो उपाय नाही. सोबत पळणाऱ्याला एवढं सांगून ठेवा: मी बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालू नको, १०८ ला फोन कर.

७. नंतर

पळून आल्यावर तासाभरात खा. त्या खाण्याचं इन्सुलिन निम्मं घ्या. पळून आल्या आल्या चढलेली शुगर दिसली तर ताबडतोब पूर्ण करेक्शन नको. थोडं थांबा, घ्यायचंच तर निम्मं. गाडी चालवत घरी जायचं असेल तर आधी तपासा.

रिकामे झालेले स्नायू रात्रभर साखर भरून घेत असतात, इन्सुलिनचा असर पुढचे चोवीस तास वाढलेला राहू शकतो. दुपारी किंवा संध्याकाळी पळालात तर रात्री दोन-तीनच्या सुमाराला शुगर घसरण्याची भीती सर्वांत जास्त. झोपताना थोडं खाणं, रात्रीचं बेसल २० टक्के कमी, सेन्सरचा अलार्म चालू, आणि सेन्सर नसेल तर अडीचचा गजर. घरात एकट्या असाल तर संध्याकाळची लाँग रन टाळाच. दारू नको. यकृत दारू निपटण्यात गुंतलं की नवी साखर तयार करत नाही, आणि नेमक्या त्या रात्री तुम्हाला तिची गरज असते.

वहीत फक्त चार गोष्टी लिहा: शेवटचं झटपट इन्सुलिन किती आणि किती वाजता, निघतानाचा आकडा, वाटेत खाल्लेले ग्रॅम, परतल्यावरचा आकडा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना फोनमधल्या आलेखाबरोबर ती वही न्या. पोह्यांना एक युनिट की दोन, हे त्यातूनच ठरतं.