मैफलीच्या पत्रिकेत कलाकाराची उपाधी कशी लिहावी

शास्त्रीय संगीताच्या मैफलीची पत्रिका छपाईला जाण्यापूर्वी तारीख, वेळ आणि सभागृह तीनतीनदा तपासले जाते. मात्र कलाकाराच्या नावाआधीची उपाधी ज्याला जशी आठवेल तशी छापली जाते. ती लिहिण्याआधी पहिले काम म्हणजे ती कोठून आली हे पाहणे.

‘पंडित’ आणि ‘उस्ताद’ या उपाध्यांना सहसा प्रमाणपत्र नसते. गुरुजन, जाणकार आणि श्रोते यांच्या तोंडी त्या वर्षानुवर्षांच्या साधनेनंतर रूढ होतात, आणि व्यवहारात हिंदू कलाकारांना पहिली तर मुस्लिम कलाकारांना दुसरी लावली जाते. म्हणून संयोजकाने ती आपल्या उत्साहाने बहाल करू नये; पंचविशीतल्या गायकाचे नाव नुसते छापल्याने त्याचा मान कमी होत नाही. गायिकांसाठी आज ‘विदुषी’ रूढ आहे, ‘बेगम’ बेगम अख्तर यांच्यासारख्या नावांत दिसते. ‘पं.’ हे संक्षिप्त रूप सर्वमान्य आहे, पण उस्तादांसाठी ‘उ.’ लिहू नये, कारण शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला तिथे आधी ‘उत्तर’ आठवते.

जुन्या पिढीत मान नावाच्या आत किंवा नावाला जोडून येत असे: भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, अल्लादिया खाँसाहेब. ‘बुवा’ आणि ‘बाई’ नावापासून तोडून लिहिणे चूक आहे. ‘पंडित भास्करबुवा’ असे अनेकदा छापलेले दिसते. माझ्या मते ‘बुवा’ आल्यावर ‘पंडित’ची गरज उरत नाही.

सर्वांत जास्त घोळ गंधर्वांपाशी होतो. नारायण श्रीपाद राजहंस यांना बालगंधर्व म्हटले गेले, रामभाऊ कुंदगोळकर हे सवाई गंधर्व झाले, तर शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांना बालपणीच कुमार गंधर्व ही उपाधी मिळाली आणि पुढे तेच त्यांचे नाव होऊन बसले. त्यामुळे ‘पं. कुमार गंधर्व’ हे बरोबर, पण ‘श्री. गंधर्व’ हे हास्यास्पद, कारण गंधर्व हे त्यांचे आडनाव नव्हे. त्यांच्या कन्या आणि शिष्या कलापिनी आपले नाव कोमकली असेच लावतात. याउलट भीमसेन जोशींची ‘स्वरभास्कर’ किंवा किशोरी आमोणकरांची ‘गानसरस्वती’ ही बिरुदे नावात विरघळलेली नाहीत. अशा बिरुदांपैकी एकच घ्यावे. ‘स्वरभास्कर पं. भीमसेन जोशी’ इथवर ठीक आहे, त्याआधी आणखी दोन विशेषणे आली की वाचणारा नावापर्यंत पोचेस्तोवर दमतो.

पद्म पुरस्कार आणि भारतरत्न यांची गोष्ट निराळी आहे. हे सन्मान नावाला पदवीसारखे जोडता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली स्पष्ट केले. तरीही ‘पद्मभूषण अमुक’ असे फलक जागोजागी लागतात. हा उल्लेख कलाकाराच्या परिचयात, पूर्ण वाक्यात करावा. ‘डॉ.’ मात्र शैक्षणिक पदवी असल्यामुळे नावाआधी खुशाल लिहावे.

दिवंगत कलाकाराच्या स्मृतिसमारोहाची पत्रिका असेल तर हिंदू नावाआधी ‘कै.’ चालते, खाँसाहेबांच्या नावाआधी ते विसंगत दिसते, तिथे ‘मरहूम’ किंवा साधे ‘दिवंगत’ लिहावे.

कर्नाटक संगीताच्या कलाकारांसाठी ‘विद्वान’ आणि ‘विदुषी’ वापरतात. ‘संगीत कलानिधी’ हा मद्रास म्युझिक अकादमीचा सन्मान असल्याने तो ज्याला मिळाला त्यालाच लावावा, एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांना तो 1968 साली मिळाला आणि त्या हा मान मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. ऑपेराच्या वाद्यवृंद संचालकाला इटालियन प्रथेनुसार ‘माएस्त्रो’ म्हणतात. ‘प्रिमादोना’ हा शब्द मंडळीतल्या प्रमुख गायिकेसाठी असला तरी आता त्याला नखऱ्याचा वास येतो, म्हणून तो कोणाच्या नावाआधी लावू नये. स्त्रियांना मिळणारा ब्रिटिश किताब ‘डेम’ पहिल्या नावाला चिकटतो: ऑपेरा गायिका किरी ते कानावा यांना ‘डेम किरी’ म्हणावे, ‘डेम ते कानावा’ नव्हे.

‘अण्णा’, ‘ताई’, ‘गुरुजी’ ही बोलण्यातली संबोधने निवेदकाच्या तोंडी शोभतात, पत्रिकेत नाहीत. तबला आणि संवादिनीच्या साथीदारांनाही हेच नियम लावावेत, आणि मजकूर पक्का करण्याआधी प्रत्येकाला कच्ची प्रत पाठवून नाव कसे हवे ते लेखी विचारून घ्यावे.