देवाला पहिलं स्थान: पहाट, पगार आणि रविवार

बायबलमधल्या मत्तय 6:33 या वचनात ‘पहिल्याने’ देवाचं राज्य मिळवायला झटा असं म्हटलंय. रोजच्या धबडग्यात हे जमवायचं तर सुरुवात आदल्या रात्रीपासून करावी. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि उशाशी साधं गजराचं घड्याळ ठेवा. पवित्र शास्त्र (बायबल) खूण घालून टेबलावर उघडं असू द्या. सकाळी व्हॉट्सॲप आधी उघडलं की प्रार्थना राहिलीच म्हणून समजा.

पंधरा मिनिटं पुरतात. एखादं स्तोत्र मोठ्याने वाचा, मग शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूचं जीवन सांगणाऱ्या पुस्तकाचा, एक अध्याय. चार शुभवर्तमानांचे मिळून 89 अध्याय, म्हणजे तीन महिन्यांत होतात. मार्कपासून सुरू करा, तो सोळाच अध्यायांचा आहे. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सगळं शास्त्र वाचायला घेणारे बरेचजण लेवीय या तिसऱ्या पुस्तकात अडकतात आणि वाचनच सोडतात. शेवटी प्रार्थना: आधी उपकारस्तुती, मग पापकबुली, मागणं सगळ्यात शेवटी. मागण्यापासून सुरुवात केली तर बाकीचं राहूनच जातं.

पैशाचंही तसंच. पगार जमा झाला त्याच दिवशी, हप्ते आणि किराणा यांच्याआधी, दशमांश, म्हणजे देवासाठी उत्पन्नाचा दहावा भाग, वेगळा काढा. पंचवीस हजारांवर अडीच हजार. महिनाअखेरीस उरलेल्यातून द्यायचं म्हटलं तर सहसा काही उरत नाही. कर्ज डोक्यावर असेल तर कमी टक्क्याने सुरू करा, पण काढा पहिल्यांदा.

रविवारच्या उपासनेचे कपडे शनिवारीच इस्त्री करून ठेवा. मटण मात्र उपासनेनंतर आणलं तरी चालतं.