काष्ठौषधींचं दुकान काढताय? आधी माल ओळखायला शिका

आमचं काष्ठौषधींचं, म्हणजे वाळलेल्या मुळ्या, साली, फळं असल्या औषधी मालाचं दुकान पुण्यात रास्ता पेठेत, ताराचंद हॉस्पिटलपासून चालत पाच मिनिटांवर. 160 चौरस फूट आणि वर पोटमाळा. आधी सासरे बसायचे, 2008 पासून मी बसते. महिन्यातून एखादा तरी मुलगा येतो, कधी बी.ए.एम.एस. झालेला, कधी आयटीला कंटाळलेला, आणि विचारतो, "काकू, असं दुकान काढायला भांडवल किती लागेल?" मी त्याच्या हातावर एक मुळी ठेवते आणि विचारते, "हे काय आहे, सांग."

या धंद्यात माणूस बुडतो तो खरेदीत. नागकेशरच घ्या. खरं नागकेशर म्हणजे नागचाफ्याच्या फुलातले पिवळे पुंकेसर. बाजारात त्याच नावाने सुरंगीच्या तांबूस कळ्या मिळतात, आणि काळं नागकेशर म्हणून दालचिनीच्या कुळातली बारकी फळंही. पहिल्याच वर्षी मी 5 किलो कळ्या पुंकेसरांच्या भावाने घेऊन बसले. एका वैद्यांनी पुडी उघडली, माझ्याकडे बघितलं, परत दोरा गुंडाळला आणि पुडी काउंटरवर ठेवून निघून गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. अशोकाच्या सालीचंही तेच. सोसायटीच्या कुंपणाला सरळसोट उभा असतो तो आसुपालव. औषधाला लागते सीता-अशोकाची साल. पोत्यात दोन्ही "अशोक"च.

तेव्हा नव्या व्यापाऱ्याकडून आधी पाव किलो नमुना मागवा. मोडून बघा, हुंगा, आणि द्रव्यगुण (आयुर्वेदातला औषधी द्रव्यांचा विषय) शिकवणाऱ्या एखाद्या सरांना दाखवा. अश्वगंधा (आमच्याकडे ती मध्य प्रदेशातल्या नीमचहून येते) कट्‌कन मोडली पाहिजे, आत पांढरी, पिठूळ. वाकली तर ओल आहे, म्हणजे ओलीच्या वजनाचे पैसे तुम्ही भरताय. सुंठ फार पांढरीफेक दिसली तर चुन्यातून काढलेली समजा. हिरडा मात्र आपल्या जिल्ह्यातला, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातला. तिकडची माणसं बाळहिरडा वाळवून विकतात. ओळख काढून थेट घ्या, दोघांचं भलं होतं.

अतिविषाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण ते बाळगुटीत पडतं. ते महाग आहे, म्हणून त्यात भेसळ. आणि ते विषारी बचनागाच्याच जातीतलं आहे, म्हणून तिथे चूक परवडत नाही. खात्रीचा व्यापारी आणि जाणकार वैद्य, या दोन्ही डोळ्यांखालून गेल्याशिवाय मी ते डब्यात भरत नाही. बचनाग, कुचला, धोत्र्याचं बी तर दुकानात ठेवतच नाही. गुटी मागायला आजी येतात तेव्हा बाळ केवढं ते विचारते. सहा महिन्यांच्या आतलं असेल तर "आईच्या दुधाखेरीज काही नको, डॉक्टरांना विचारा" म्हणून परत पाठवते. आजी रागावतात. रागावू देत.

माल राखायचा काळ म्हणजे जून ते सप्टेंबर. अश्वगंधा, शतावरी, सुंठ यांना कीड आधी लागते, म्हणून मे महिन्यात गच्चीवर कडकडीत ऊन दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरायचं. वाळा, कचोरा, वेखंड मात्र उन्हात घालू नका, सगळा वास उडून जातो, त्यांना सावलीच. पोती फरशीवर नाही, फळीवर. डब्यावर खरेदीची तारीख, आणि जुना डबा संपल्याशिवाय नवा फोडायचा नाही. पावसाळ्यात खरेदी हात आखडूनच.

कागदपत्रांचं फार भय बाळगू नका. मोजकीच माणसं कामाला असतील तर शॉप अ‍ॅक्टची नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उलाढाल वर्षाला 40 लाखांवर गेली की जीएसटी. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी. तयार आयुर्वेदिक औषधं नुसती विकायला औषधविक्रीचा वेगळा परवाना लागत नाही, पण बनवायला लागतो, आणि त्यासाठी नियमाने 1200 चौरस फूट जागा हवी. माझ्या 160 फुटांत ते बसत नाही, म्हणून "काकूंचं खास चूर्ण" आमच्याकडे नाही. चिठ्ठीप्रमाणे काष्ठौषधी मोजून द्यायच्या, बस्स. "मधुमेह मुळापासून बरा" असली पाटी तर चुकूनही लावू नका, 1954 च्या कायद्याने तो गुन्हा आहे. आणि गिऱ्हाइकाने "गुडघ्यावर काय घेऊ?" विचारलं तर वैद्याकडे पाठवा, तेच वैद्य पुढे चिठ्ठ्या तुमच्याकडे पाठवतात.

वर्षाचा खरा गल्ला दिवाळीत. उटणं नावाचं लेबल लावून विकायचं तर तेही उत्पादनच झालं, परवाना आला. मी नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, वाळा, गुलाबपाकळी सुटं मोजून देते. हा माल गणपतीच्या आधीच मागवून ठेवायचा, नंतर भाव चढतात. लोक गिरणीतून दळून आणतात. देताना एवढं सांगायला विसरू नका, की आधी त्या चक्कीत मिरची दळलेली नाही ना ते विचारा. आमच्या एका गिऱ्हाइकाने नरक चतुर्दशीला पहाटे पाच वाजता फोन केला होता.