फियाटच्या पत्र्याला वेल्डिंग: रेघ ओढू नका, टाके घाला

समुद्राकाठी ठेवलेली पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, आतून कुजते. वरून रंग चकाचक, आणि दाराखालच्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर टोचला की सरळ आत! त्यामुळे टोचत जा, पत्रा वाजेपर्यंत, आणि कुजलेलं सगळं कापून टाका. गंजावर वेल्डिंग धरत नाही, उगाच फटफट उडतं.

ठिगळाला सीआर (कोल्ड रोल्ड, साधा बिनमुलाम्याचा) पत्रा घ्या, २० गेज म्हणजे साधारण ०.९ एमएम. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे जीपी (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा स्वस्त दिसेल, पण त्यावरचं जस्त जळून जो पांढरा धूर निघतो तो नाकात गेला की रात्री हुडहुडी भरते, माझी भरलेली आहे.

मशीन मिगच पाहिजे, म्हणजे ट्रिगर दाबला की तार आणि गॅस सोडणारं, तार ०.६ किंवा ०.८ एमएम. खिडक्यांच्या ग्रिल करणाऱ्याचं साधं रॉडवालं मशीन आणून मी पहिलं दार केलं तर भोकांची चाळणी झाली, आणि जिथे भोक पडलं नाही तिथे पत्रा पापडासारखा वाकला 😅

आता मुख्य गोष्ट. सलग रेघ ओढली की पत्रा तापून वाकतो, म्हणून सुटे टाके. ठिगळ भोकाच्या मापाचं कापा, फट तारेच्या जाडीएवढी ठेवा, चुंबकाने धरा. मग एक टाका घाला, ट्रिगर जेमतेम सेकंदभर दाबून सोडायचा. दुसरा टाका शेजारी नाही, समोरच्या कडेला, तिसरा तिसरीकडेच. सगळीकडून धरलं की मधल्या जागा भरत जायचं, मधे मधे हात लावून बघायचं, चटका बसला तर थांबा, चहा घेऊन या. ओला फडका मारून थंड करायची घाई नको. एक फूटभर पट्टीला माझी अख्खी दुपार जाते आणि गॅरेजवाले हसतात, हसू देत.

उघड्या खळ्यात करू नका, संध्याकाळचा वारा गॅस उडवून नेतो आणि टाका आतून स्पंजासारखा होतो.

बॅटरीची वायर काढा, पेट्रोलची टाकी जवळ असेल तर तीही उतरवा, कार्पेट तर काढाच. वेल्डिंगच्या हेल्मेटशिवाय "एकच टाका" म्हणून ठिणगीकडे बघू नका, रात्रभर डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं.

ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावून हलकेच घासा आणि रेड ऑक्साइड प्रायमर त्याच दिवशी मारा, आमच्याकडे उघडा पत्रा सकाळपर्यंत लालसर होतो. पट्टीच्या आतल्या बाजूचा रंग वेल्डिंगने जळालेला असतो, तिथे ब्रश पोचत नाही, म्हणून वरच्या भोकातून नळीने मेण नाहीतर ग्रीस पातळ करून सोडा.