दोन-तीन लहान मुलं, पुन्हा नोकरी आणि सांभाळण्याचा खर्च

पाळणाघराची फी दर मुलामागे असते, घरी येऊन सांभाळणाऱ्या ताईंचा पगार दर घरामागे. एकाहून जास्त मुलं असली की सगळा हिशेब या फरकावर फिरतो.

आकडे फक्त तुलनेसाठी: समजा पाळणाघरात एका मुलाचे महिन्याला 10 लागतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या भावंडाला 10 टक्के सवलत आहे. दोन मुलांचे 19 होतात, तिघांचे 28. घरी येणाऱ्या ताईंचा पगार 24 असेल, तर दोन मुलांना पाळणाघर स्वस्त पडतं आणि तिघांना ताई. मोठं मूल शाळेत जाऊ लागलं आणि पाळणाघरात अर्धाच दिवस राहू लागलं, तर पारडं पुन्हा फिरतं: 10, 9 आणि 4.5, म्हणजे 23.5. म्हणून आपल्या भागातले खरे आकडे घालून हे गणित मांडा आणि कोणत्याही मुलाची शाळा किंवा वेळ बदलली की नव्याने करा. भावंडांची सवलत कोणत्या फीवर मिळते, तेही विचारा. तान्ह्या बाळाची फी सहसा सर्वांत जास्त असते आणि सवलत बहुतेक वेळा कमी फी असलेल्या मुलावर देतात, त्यामुळे ऐकताना वाटते तेवढी बचत होत नाही.

हिशेब वर्षाचा करा. महिन्याच्या फीत नोंदणी, अनामत, जेवण, डायपर, उशिरा नेण्याचा दंड आणि बंद दिवसांचीही लागणारी फी दिसत नाही. उशिराचा दंड दर मुलामागे आहे का, हे नक्की विचारा. तिघांना घ्यायला एकदा उशीर झाला तर तो तिप्पट होतो. घरी ताई येणार असतील, तर त्यांच्या पगारी रजा, जादा तास आणि रजेच्या दिवसांतल्या बदली माणसाचा खर्च धरा.

हा सगळा खर्च फक्त आईच्या पगारातून वजा करायची सवय मात्र सोडा. मुलं दोघांची आहेत, म्हणून खर्च घराच्या एकूण उत्पन्नातून जातो. नोकरीतली बढती, निवृत्तीची शिल्लक आणि मोठ्या खंडानंतर काम मिळण्यातली अडचण ही त्या महिन्याच्या वजाबाकीत येत नाही.

आता आजारपण. पाळणाघराच्या पहिल्या काही महिन्यांत मुलं वरचेवर आजारी पडतात, आणि भावंडं क्वचितच एकत्र पडतात. एकाचा ताप उतरला की दुसऱ्याला चढतो. तीन दिवसांचं दुखणं घरात नऊ दिवस फिरतं. ताप 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल तर बरीच पाळणाघरं मूल घेत नाहीत आणि औषधाशिवाय 24 तास ताप नसल्यावरच परत घेतात. त्यामुळे दोघांच्या शिल्लक रजा एका बाजूला आणि पाळणाघराचे बंद दिवस अधिक आजारपणाचे दिवस दुसऱ्या बाजूला लिहा. जी तूट दिसेल ती कोण भरणार, त्याचं नाव कामावर रुजू होण्याआधी ठरायला हवं. स्वस्त सोय महाग पडते ती बहुतेक इथेच.

जागा बघायला दोनदा जा. एकदा वेळ ठरवून आणि एकदा न कळवता, शक्यतो संध्याकाळी शेवटच्या तासात. माणसं कमी आणि मुलं दमलेली असताना खरा कारभार दिसतो. आधी डोकी मोजा. एक वर्षाच्या आतल्या तीन, फार तर चार बाळांमागे एक मोठं माणूस, दोन वर्षांच्या आसपासच्या चार-पाच मुलांमागे एक आणि तीन वर्षांपुढच्या आठ-दहांमागे एक, एवढं तरी हवं. स्वयंपाक किंवा फोन बघणारी व्यक्ती यात धरू नका. बाळांना पाठीवर, कडक गादीवर, उशी न देता झोपवतात का, डायपर बदलल्यावर प्रत्येक वेळी हात धुतात का, दार मुलाला आतून उघडता येतं का, घशात काही अडकलं तर काय करायचं हे किती जणींना येतं, हे पाहा. आणि इथल्या सर्वांत जुन्या ताई किती वर्षांपासून आहेत, ते विचारा. माणसं सतत बदलत असतील तर बाकी सगळं चकचकीत असूनही मी-तुम्ही कुणीच तिथे तान्हं बाळ ठेवू नये.

घरी सांभाळणाऱ्या ताई निवडताना त्यांना तुमच्या मुलांसोबत दोन-तीन दिवस पगारी बोलवा आणि तुम्ही घरातच राहा. एक बाळ रडतंय आणि दुसरं धावत सुटलंय, तेव्हा त्या काय करतात ते बघायचं असतं. तास, रजा, जादा वेळेचे पैसे आणि कामं कागदावर लिहा. धुणी-भांडी हळूहळू त्यांच्यावर सरकली की मुलांवरचं लक्ष कमी होतं आणि चांगल्या ताई सोडून जातात. दोन कुटुंबांनी मिळून एक ताई ठेवल्या तर खर्च वाटला जातो, पण मुलं एकूण तीन-चारच्या वर नकोत आणि त्यात तान्हं एकच असावं.

आजी-आजोबांवर तिघांचा पूर्ण दिवस टाकू नका. मोठी दोघं अर्धा दिवस बाहेर आणि तान्हं त्यांच्याकडे, असं त्यांना झेपतं.

दोन मुलं दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायची असतील, तर सकाळची फेरी एकदा खऱ्या वेळेला करून बघा. दप्तरं उतरवणं, रडणं, निरोप यांना दर ठिकाणी दहा मिनिटं सहज जातात.

रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरुवात करा. पहिल्या दिवशी एक तास, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. शक्य असेल तर आधी मोठं मूल रुळू द्या. ओळखीचं भावंड आसपास असलं की धाकटं लवकर शांत होतं. काढलेलं आईचं दूध द्यायचं असेल तर प्रत्येक बाटलीवर नाव आणि तारीख लिहा: ताजं दूध बाहेर, खोली 25 अंश सेल्सिअसपर्यंत असेल तर, साधारण 4 तास आणि फ्रिजमध्ये 4 दिवस टिकतं. मुलांना कोण नेऊ शकतं त्याची यादी पहिल्याच दिवशी लेखी द्या, आणि करार सोडायचा झाल्यास किती दिवस आधी कळवायचं ते सही करण्यापूर्वी वाचा.