पाच वाजता आलेले मजूर

येशूचे दाखले, म्हणजे त्याने सांगितलेल्या बोधकथा, अभ्यासाला घेतले तेव्हा वाटलं होतं, हे तर पाठच आहेत. पहिल्या निबंधात उधळ्या पुत्रावर, म्हणजे वाट्याची संपत्ती उधळून घरी परतलेल्या धाकट्या मुलावर, पाच पानं लिहिली, थोरल्या भावाला जेमतेम दोन ओळी दिल्या. शिक्षकांनी समासात विचारलं, "बाप किती वेळा घराबाहेर आला?" पुन्हा वाचलं. दोनदा! एकदा धाकट्यासाठी धावत, एकदा रुसून बाहेर थांबलेल्या थोरल्याची समजूत घालायला. थोरला म्हणतो 'हा तुझा मुलगा', बाप म्हणतो 'हा तुझा भाऊ'. थोरला शेवटी आत गेला का, हे ही गोष्ट नोंदवणारं लूकचं शुभवर्तमान (येशूचं चरित्र सांगणारं बायबलमधलं पुस्तक) सांगतच नाही.

थोरला का रुसतो हे कळायला दाखल्याआधीच्या ओळी सोडू नका. लूकचा 15वा अध्याय येशूबद्दल परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी गट) आणि शास्त्री यांनी केलेल्या कुरकुरीने सुरू होतो: हा पाप्यांना जवळ करतो, त्यांच्या पंक्तीला बसतो. पुढचे तिन्ही दाखले त्या कुरकुरीला दिलेलं उत्तर आहे.

शुभवर्तमानं ग्रीकमध्ये लिहिलेली आहेत, म्हणून थोडं ग्रीक शिकाच. बापाला 'कळवळा आला' तिथलं क्रियापद आतड्यांवरून आलंय. 'दया' त्यापुढे फिकी. आपलं 'आतडं तुटणं' जास्त जवळचं. लूकच्याच दुसऱ्या एका दाखल्यात वाटेवरच्या जखमी माणसाला पाहून शोमरोन्याचंही (शोमरोन प्रांतातल्या परक्या माणसाचंही) तसंच होतं, क्रियापद तेच.

मला सगळ्यात जड गेला मत्तय 20, म्हणजे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायातला द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला. पहाटेपासून राबलेल्याला एक दिनार, संध्याकाळी पाचला आलेल्यालाही एकच. मला मालकाचा रागच यायचा. मग दिसलं की उशिरा आलेले आळशी नव्हते. 'आम्हाला कुणी कामावर लावलं नाही' म्हणतात. दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, आणि तासभरच काम मिळालं म्हणून पोट काही कमी मागत नाही. शिवाय मालक मुद्दाम शेवटच्यांपासून वाटप करतो, म्हणजे पहिल्यांना ते बघावंच लागतं. कृपा इथे बोचते. ती बोच गुळगुळीत करू नका.

एक चूक मात्र मी केली, तुम्ही टाळा. सर्वसमावेशकतेवर लिहिताना मी परूश्यांना सरसकट खलनायक केलं. सांगणारा यहुदी, ऐकणारे बहुतेक यहुदी, आणि मी एका समाजाला आत घेण्यासाठी दुसऱ्याला बाहेर काढत होते.

आणि मत्तय 22 चुकवू नका. तिथे रस्त्यावरचे बरे-वाईट सगळे लग्नाच्या मेजवानीला आणले जातात, मग लग्नाचा पोशाख नसलेल्याला बाहेरच्या अंधारात टाकतात. लूकच्या 14व्या अध्यायातल्या मेजवानीत हा प्रसंग नाही, म्हणून मी सोयीने तेवढीच तयार करून गेले. तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न त्या पोशाखावर आला.