सर्चमध्ये केळी, ट्रक अन् रायपनिंग चेंबर एकत्र आले तर सीरियलायझर कुठला लावायचा

आमचं एक वेब ॲप आहे, जळगाव जिल्ह्यातल्या केळीवाल्यांसाठी. सर्चमध्ये कोणी नुसतं "रावेर" टाकलं तरी एकाच यादीत तीन प्रकारच्या गोष्टी येतात, शेतकऱ्याचा माल, वाहतुकीचा ट्रक अन् रायपनिंग चेंबर (केळी पिकवायची खोली). मॉडेल तीन, टेबलं तीन, पण स्क्रीनवर यादी एकच. जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये (पायथॉनमध्ये एपीआय बनवायचं साधन) हे कसं बसवायचं ते सांगतो. सगळा खेळ सीरियलायझरचा, म्हणजे रेकॉर्डमधली कुठली फील्डं स्क्रीनकडे पाठवायची ते ठरवणाऱ्या क्लासचा.

सुरुवातीला मी एकच मोठा सीरियलायझर केला होता, सगळ्यांची सगळी फील्डं त्यातच. मालाचा रेट क्विंटलचा, ट्रकचा रेट किलोमीटरचा अन् दोन्ही "रेट" याच नावाने जायचे. एक दिवस यावलहून एका व्यापाऱ्याचा फोन, "भो, ४२ रुपये क्विंटल केळी कोण देऊन राहिलं?" ते ट्रकचं भाडं होतं. त्याने रेट बघून गाडी पाठवली असती तर? म्हणून पहिली गोष्ट, अर्थ वेगळा असेल तर फील्डचं नाव वेगळंच ठेवा, एका नावात दोन अर्थ कोंबू नका.

मग वाटतं की प्रत्येक मॉडेलचा डिटेल सीरियलायझर आहेच की, तोच लावू. नका लावू. डिटेलमध्ये शेतकऱ्याचा मोबाइल नंबर, बँक खातं असं काय काय असतं, आणि त्यात कोणी फील्ड्सला "ऑल" लिहून ठेवलं असेल तर लॉगिन न केलेल्या माणसालाही ते सगळं सर्चमधून मिळतं. सर्चसाठी प्रत्येक मॉडेलचा वेगळा छोटा सीरियलायझर लिहा, कार्डावर दिसतं तेवढंच त्यात. शीर्षक, गाव, फोटो अन् प्रकार ही फील्डं सगळ्यांत सारखी, बाकी ज्याचं त्याला.

आता निवड कुठे करायची? व्ह्यूमध्ये इफ-एल्सची माळ लावू नका, वरचा एक सीरियलायझर करा, त्यात टू-रिप्रेझेंटेशन (रेकॉर्डचं आउटपुट बनवणारी मेथड) ओव्हरराइड करा आणि मॉडेलवरून सीरियलायझर सांगणारी एक डिक्शनरी ठेवा. नवीन मॉडेल आलं की एक ओळ वाढते, बस. डिक्शनरीत नसलेलं मॉडेल आलं तर गुपचूप रिकामं परत देऊ नका, सरळ एरर फेका. आणि मॉडेलमध्ये इनहेरिटन्स असेल तर सांभाळून, इझ-इन्स्टन्सने (ऑब्जेक्ट कुठल्या क्लासचा ते सांगणारं फंक्शन) तपासत असाल तर मुलाचा क्लास आधी अन् बापाचा नंतर, नाहीतर बापच सगळं गिळतो.

आतल्या सीरियलायझरला कॉन्टेक्स्ट (ज्यातून रिक्वेस्ट आत जाते) द्यायला विसरू नका. आमच्या फोटोंच्या लिंका डोमेनशिवाय येत होत्या, मोबाइलवर नुसते राखाडी चौकोन, आणि मी अख्खी दुपार सर्व्हरची सेटिंगं बघत बसलो, तर रिक्वेस्ट आत पोचतच नव्हती. दुसरं म्हणजे आयडी. माल १२ अन् ट्रक १२ दोघांचा आयडी एकच, त्यामुळे रिॲक्टमध्ये (स्क्रीन बनवायची लायब्ररी) कार्डांच्या "की", म्हणजे ओळखखुणा, आदळतात आणि कार्डं एकमेकांत मिसळतात. "माल-१२", "ट्रक-१२" अशी "की" बॅकएंडवरूनच पाठवा.

क्वेरींचं, म्हणजे डेटाबेसला किती वेळा विचारलं जातं त्याचं, बघाच. जेनेरिक फॉरेन की (कुठल्याही मॉडेलच्या रेकॉर्डकडे बोट दाखवणारं फील्ड) वापरत असाल तर प्रीफेच-रिलेटेड (जोडलेले रेकॉर्ड एकदमच आणणं) लावलं की प्रत्येक प्रकारामागे एक क्वेरी होते, इथपर्यंत ठीक. पण कार्डावर गावाचं नाव हवं अन् गाव वेगळ्या टेबलात, मग २० रिझल्टला २० क्वेरी पुन्हा सुरू. जँगो ५.० पासून जेनेरिक-प्रीफेच आहे, त्यात प्रत्येक मॉडेलची क्वेरीसेट सिलेक्ट-रिलेटेडसकट (जोडलेलं टेबल त्याच क्वेरीत ओढणं) देता येते. जुन्या व्हर्जनवर असाल तर आयडी प्रकारवार गोळा करा, प्रत्येक मॉडेलची एक क्वेरी मारा आणि शेवटी सर्चच्या मूळ क्रमाने परत लावा. हा क्रम लावायचं राहिलं तर आधी सगळा माल, मग सगळे ट्रक अशी यादी येते, अन् सर्चने लावलेला रँक वाया जातो.

टेस्टमध्ये तिन्ही प्रकारांचे दोन-दोन रेकॉर्ड टाका, असर्ट-नम-क्वेरीजने क्वेरींचा आकडा पकडा, मग दहा-दहा टाकून तीच टेस्ट परत चालवा. आकडा वाढला तर कुठल्यातरी छोट्या सीरियलायझरमधून गाव अजून एकेक करून ओढलं जातंय, तिथेच शोधा.